दोन नकाशांमधली पट्टी

१

सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन आलं की दीपमालाच्या डोक्यात तिडीक उठायची. जुनं व्हर्जन गुणी होतं. सांगितलेलं काम निमूट करायचं, न सांगितलेलं त्याहून निमूट करायचं आणि माणसाला सुखानं चहा पिऊ द्यायचं. नव्या व्हर्जनला मात्र प्रत्येक गोष्ट विचारायची हौस होती. नवीन सून जशी मिठाचा डबा हातात घेऊन दर दोन मिनिटांनी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहते, तसं ते दर दोन मिनिटांनी एक चौकट घेऊन पडद्यावर उभं राहायचं. चौकटीवर लिहिलेलं असायचं, रूपांतर निवडा.

आता हे रूपांतर म्हणजे काय, तर साधी गोष्ट. जमिनीचा नकाशा काढायचा तर आधी पृथ्वीला कुठं धरून मोजायचं ते ठरवावं लागतं. त्या ठरावाला डेटम म्हणतात. इंग्रजांनी पृथ्वी एका ठिकाणी धरली, उपग्रहांनी दुसऱ्या ठिकाणी. त्यामुळे एकाच विहिरीचे आकडे जुन्या नकाशावर वेगळे आणि नव्यावर वेगळे येतात, आणि जुना नकाशा तसाच नव्यावर टाकला तर विहीर शंभरेक मीटर सरकून कुणाच्या तरी ओसरीत जाऊन बसते. हे टाळायला एक सूत्र लावावं लागतं. सूत्रं पाच-सहा आहेत, प्रत्येकासमोर त्याची चूक किती मीटरची ते लिहिलेलं असतं, आणि सगळ्यांत कमी चुकणारं सूत्र यादीत सगळ्यांत वर असतं. छत्रपती संभाजीनगरातल्या समस्त नकाशेवाल्यांचा रिवाज असा की यादी वाचायची नाही, वरचं घ्यायचं.

दीपमालानंही वरचंच घेतलं. बिडकीनच्या पुढं जाणाऱ्या पाण्याच्या पाइपलाइनचा नकाशा दुपारी दोनला द्यायचा होता, एकावर एक चढवायचे थर सोळा होते, आणि सातव्या थराला सातव्यांदा तीच चौकट आली तेव्हा तिनं वैतागून वरच्या ओळीवर बोट आपटलं आणि खालच्या ‘पुन्हा विचारू नको’वर खूण केली.

खूण करून झाल्यावर तिनं ती ओळ वाचली. ओळीला नाव नव्हतं. समोर ‘चूक’ या रकान्यात लिहिलं होतं, शून्य मीटर.

अकरा वर्षांच्या नोकरीत तिनं शून्य कधी पाहिलं नव्हतं. एक मीटर पाहिलं होतं, तेरा पाहिलं होतं, एकदा तर ‘माहीत नाही’ असंही प्रामाणिकपणे लिहिलेलं पाहिलं होतं. शून्य म्हणजे चुकायला जागाच नाही. असं काही नसतं. हे ज्यांनी बनवलं त्यांच्यातलाच कुणीतरी अर्धवट माणूस रकाना भरायला विसरला असणार, असं म्हणून ती पुढं गेली.

२

पाइपलाइन दोन जुन्या नकाशांवरून जात होती. उत्तरेचा नकाशा जिथं संपतो तिथंच दक्षिणेचा सुरू होतो. दोघांची कड एकच, आणि आजवर त्या कडेनं कधी त्रास दिला नव्हता.

आज त्या कडेवर भेग होती. दोन नकाशांच्या मध्ये, पूर्वेकडून पश्चिमेकडं, एक पांढरी पट्टी. दीपमालानं मोजली. चार मीटर दहा सेंटिमीटर.

तिला आधी राग आला आणि मग तिनं विचार केला, आणि विचार केल्यावर राग वाढला. कारण ही भेग गणितात बसतच नव्हती. दोन्ही नकाशांना सूत्र एकच लावलेलं. सरकायचं तर दोघं एकाच बाजूला, सारखेच सरकणार. मग मध्ये जागा आली कुठून?

तिनं कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पट्टी होती. यादीतलं दुसरं सूत्र लावून पाहिलं, तर पट्टी गेली, दोन्ही कडा घट्ट मिटल्या. पण त्या दुसऱ्या सूत्राची चूक तेरा मीटरची, आणि पाइपलाइनला मिळालेली हद्द जेमतेम तीन मीटर रुंद. तेरा मीटर इकडेतिकडे म्हणजे कुणाचा गोठा जाणार, कुणाचं बोअर जाणार. उलट शून्यवालं सूत्र लावलं की प्रत्येक विहीर, प्रत्येक पार, दर्ग्याचा छोटा घुमटसुद्धा उपग्रहाच्या फोटोवर केसभरही न हलता बसत होता. सगळं बरोबर, आणि मध्ये ती पट्टी.

“झालं का?” सुदर्शन सरांनी केबिनमधून ओरडून विचारलं. कंपनी त्यांची. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, पूर्वी तिथं दातांचा दवाखाना होता आणि खुर्चीचे चार बोल्ट अजून फरशीतून वर आलेले होते. सर रोज त्यांना ठेचकाळत आणि रोज नव्यानं चिडत.

“भेग पडतेय, सर. वरचं सूत्र घेतलं की.”

“मग दुसरं घे.”

“दुसऱ्यानं हद्द चुकते.”

“दीपमाला, दोन वाजता मला मीटिंगला बसायचंय. भेग घे नाहीतर चूक घे, पण काहीतरी एक घे बाई.”

३

चांदपाशा सकाळपासून पाइपलाइनच्या जागेवरच होता. पन्नाशीचा माणूस, बारा वर्षं याच कंपनीत. खांद्यावर दोन मीटरची काठी, काठीच्या टोकाला रोव्हर, म्हणजे उपग्रहाशी बोलून आपली जागा सांगणारं यंत्र. तो काठी जिथं टेकवेल तिथला ठिपका थेट दीपमालाच्या पडद्यावर पडायचा. दिवसभर दोघांचा फोन चालू असायचा; ती ‘झालं’ म्हणाली की मगच तो काठी उचलायचा.

“चांदपाशाभाई, सांडूच्या वावरात जा. दोन नकाशांची कड तिथून जाते. तिथं काय दिसतंय सांगा.”

“काय दिसनार मॅडम, बांध हाय तितं. मागल्या साली त्याच बांधावर बसून डबा खाल्ला ना मी.”

पाच-सात मिनिटं नुसता बुटांचा आवाज आला. ज्वारी काढून झालेली, धसकटं बुटाखाली कडाकड मोडत होती. लांब कुठं तरी मोटर चालू होती, होले घुमत होते. मग बूट थांबले.

“मॅडम.”

“हं, बोला.”

“हितं दोन बांध हायेत.”

“एकच आहे. तुम्हीच मोजलाय.”

“मला म्हाईत हाय ना एकच हाय. म्हनून तर सांगतोय. दोन दिसायलेत. समोरासमोर. मध्ये जागा हाय थोडी.”

“केवढी?”

“आसंल चार मीटर.”

दीपमालानं स्वतःला समजावलं. सांडूनं नवा बांध घातला असेल. भावकीत वाटणी झाली असेल. लोक काय, रात्रीतून बांध घालतात. नकाशातली पट्टी चार मीटरची आणि वावरातली चार मीटरची, हा निव्वळ योगायोग. तिला स्वतःचंच बोलणं पटलं नाही, पण घड्याळात साडेअकरा झाले होते.

“मधल्या जागेत काय आहे?”

“काय नाय.” तो म्हणाला. “म्हंजे काय बी नाय मॅडम. धसकट नाय, हराळी नाय, मुंगी बी नाय. नांगरल्यागत नाय आन पडीक बी नाय. मला आत जाऊ नये वाटायलंय.”

इथं दीपमालाचा तोल गेला. सकाळपासून एक यंत्र तिला सारखं विचारत होतं, सर सारखे विचारत होते, आणि आता हा बारा वर्षांचा जुना माणूस वावरात उभा राहून भुताखेताच्या गोष्टी करत होता.

“चांदपाशाभाई, मला दोन वाजता नकाशा द्यायचाय. आत उतरा, पलीकडच्या बांधापर्यंत जा आणि रुंदी सांगा. चार पावलांचं काम आहे.”

फोनवर काठी या हातातून त्या हातात घेतल्याचा आवाज आला. तेवढ्या वेळात त्याच्या मनात काय चाललं होतं ते तिला कळायला हवं होतं, असं नंतर तिला फार वाटलं. 

“बरं,” तो म्हणाला.

४

तो मोठ्यानं पावलं मोजत गेला. एक, दोन, तीन, चार. पाच, सहा.

धसकटांचा आवाज बंद झाला होता. मोटर बंद झाली होती. होले बंद झाले होते. फक्त त्याचा आवाज येत होता, आणि तो सामान काढलेल्या खोलीत बोलावं तसा येत होता.

“पोचलात का?”

“समोरच हाय बांध मॅडम. हा काय. एकवीस, बावीस.”

“चार मीटरला बावीस पावलं?”

“मला बी तेच वाटायलंय. चाळीस.”

तिनं पडद्यावर पाहिलं. ठिपका पट्टीच्या उत्तरेच्या कडेवर होता. हलत नव्हता. एकाच जागी धरून ठेवल्यासारखा होता, आणि फोनवर मात्र पावलं पडत होती, शंभर, एकशे एक, न दमता, एकसारखी. नेटवर्क अडकलं असेल, असं ती स्वतःला म्हणाली. मग आवाज कसा येतोय, असंही तीच म्हणाली.

“चांदपाशाभाई, राहू द्या. मागं फिरा. परत या.”

“परतच तर येतोय मॅडम,” तो म्हणाला. “मघाधरनं.”

दीपमाला खुर्चीतून उठली. दोन पावलं टाकून पुन्हा बसली, कारण उठून जायचं कुठं? सरांना सांगावं तर काय सांगायचं? तिनं पाण्याची बाटली तोंडाला लावली आणि तोंड तसंच ठेवून ऐकत राहिली. त्याच्या आवाजात भीती नव्हती, हेच तिला सहन होत नव्हतं. कामात असलेल्या माणसाच्या आवाजात तो मोजत होता. सातशे गेले, हजार गेले. मध्येच “समोरच हाय” म्हणायचा, जणू तिलाच धीर द्यायला.

५

पाऊण वाजता दार उघडलं आणि चांदपाशा आत आला.

शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, बुटांवर काळी माती. दारातल्या माठातून त्यानं पाणी घेतलं, उभ्यानंच प्यायला आणि भिंतीजवळच्या बाकड्यावर बसला.

“माफ करा मॅडम,” तो म्हणाला. “तुमी म्हनल्या आत जा, पन मला नायच पटलं. बांधावरनंच मागं फिरलो. तुमचं काय बोलनं खायचंय ते खातो.”

दीपमालाच्या हातातला फोन चालू होता. चार हजार बारा, फोन म्हणाला. चार हजार तेरा.

ती त्याच्याकडं बघत राहिली. बघण्यासारखं काही नव्हतं, तेच अवघड होतं. तोच चांदपाशा, तीच तपकिरी टोपी, तोच दम लागल्यावर नाकानं शिट्टीसारखा श्वास. सावली होती. घामाचा वास येत होता.

“काठी कुठंय?” तिनं विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही.

त्यानं आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं. “काठी...” तो म्हणाला. मग खिसे चाचपले. “फोन बी नाय. हातातच होतं ना सगळं. क्या मालूम मॅडम, तितंच राहिलं का काय.”

तिनं स्पीकर चालू केला आणि फोन टेबलावर ठेवला.

“चांदपाशाभाई, सकाळी निघताना भाभी काय म्हणाल्या तुम्हाला?”

“अख्तरी? येतांना दूध आनो, बोली.”

दोघंही म्हणाले. बाकड्यावरचा आणि टेबलावरचा, एका दमात, एका आवाजात, मागंपुढं न होता.

बाकड्यावरच्या चांदपाशाचा रंग उतरला. तो उठला नाही, ओरडला नाही. फोनकडं बघत त्यानं हळूच विचारलं, “ह्यो कोन?”

आणि फोन म्हणाला, “मॅडम, हापिसात कोन आलंय?”

६

एका जागेला दोन आकडे असतात, हे ती रोज बघत आली होती. त्यातला एक खरा आणि दुसरा खोटा, असं कधीच नसतं. दोन्ही खरेच असतात. आपण एक ठेवतो आणि दुसरा टाकून देतो, तेवढंच. हे तिला पाठ होतं.

पट्टी मिटवायची नाही, एवढं मात्र तिला लख्ख कळलं. पट्टी उघडी आहे तोवर तो माणूस चालतोय. आधी तो नक्की कुठं आहे ते धरायचं, मग पुढचं.

“चांदपाशाभाई,” ती फोनला म्हणाली, “आता चालू नका. आहात तिथंच थांबा. काठी लावा, मी रीडिंग घेते.”

“लावली,” फोन म्हणाला.

ठिपका पहिल्यांदा हलला. उत्तरेची कड सोडून तो पांढऱ्या पट्टीच्या मधोमध येऊन बसला. दीपमाला वाकून आकडे बघू लागली. आणि त्याच वेळी ती यादी पुन्हा पडद्यावर आली. ‘पुन्हा विचारू नको’वर खूण करूनसुद्धा आली. रूपांतर निवडा.

“अजून तिथंच अडकलीस?” सर केबिनमधून बाहेर आले. एका हातात गाडीची किल्ली, दुसऱ्या हातात फाइल. बोल्टला पाय लागला, शिवी हासडली. “आणि हा इथं काय करतोय? साइटवर कोण आहे?”

“सर, थांबा. हात लावू नका. प्लीज, तिथं माणूस...”

“सकाळपासून एक बटण दाबता येईना तुम्हा लोकांना!” सरांनी तिच्या खांद्यावरून हात घालून माऊस ओढला. यादीतलं दुसरं सूत्र निवडलं, खाली खूण केली, ‘ठीक आहे’ दाबलं.

दोन्ही कडा मिटल्या. पट्टी गेली, आणि पट्टीबरोबर ठिपकाही गेला. फोनमधून किंचाळी आली नाही. शेजारच्या खोलीचं दार कुणीतरी सावकाश लोटून घ्यावं, एवढाच बदल झाला. फोन कटसुद्धा झाला नव्हता. वेळ पुढं सरकत होती, एक तास बत्तीस, एक तास तेहतीस, आणि पलीकडं काहीच नव्हतं.

“बघ,” सर म्हणाले. “झालं की नाही?”

त्यांनी प्रिंट काढली आणि गेले. दीपमालानं यादी पुन्हा उघडली. शून्यवाली ओळ त्यात नव्हती. तिनं व्हर्जन काढून टाकलं, पुन्हा टाकलं, पहिल्यापासून सोळा थर लावले. चौकट सोळा वेळा आली. पाच सूत्रं दाखवत होती, प्रत्येकाला नाव होतं, प्रत्येकाची काही ना काही चूक होती. चांदपाशा बाकड्यावर बसून होता. संध्याकाळी तो घरी गेला.

७

दुसऱ्या दिवशी सरांनी काठीवरून घर डोक्यावर घेतलं. रोव्हर म्हणजे काय छत्री आहे का, विसरून यायला? दोघांनी जा आणि घेऊन या.

चांदपाशाच्या मोटरसायकलवर दीपमाला मागं बसून गेली. वाटेत तो एवढंच बोलला की रात्रभर उजवा हात लई दुखला, अख्तरीनं तेल लावून दिलं, पण खांद्यापासून बोटापर्यंत ओढ काय जाईना.

सांडूच्या वावरात बांध एकच होता. गुडघाभर उंच, वर हराळी, कडेला बाभळीचं रोप. सांडूला विचारलं तर तो म्हणाला, एकच हाय, आज्याच्या टायमापासून. आणि त्या बांधाच्या बरोबर मधून, हराळीतून, काठी वर आली होती. कमरेइतकी. टोकाला रोव्हर, त्याचा दिवा विझलेला.

सांडू आपल्या कामाला निघून गेला. हे दोघं काठीजवळ गेले.

काठीला बटणाएवढी काचेची डबी असते, तिच्यात एक बुडबुडा. बुडबुडा मधल्या वर्तुळात असला की काठी सरळ आहे. माणसाच्या हातात तो कायम थोडा थरथरतो, कारण हात थरथरतो. दीपमालानं वाकून पाहिलं. बुडबुडा वर्तुळात होता. थरथरत होता.

तिनं काठीला हळूच बोटानं ढकललं. बुडबुडा कडेला गेला, आणि मग, अगदी सवयीनं, पुन्हा मधोमध आला.

जमिनीत रोवलेली काठी हलते किंवा हलत नाही. हलून स्वतः सरळ होत नाही. बांध गुडघाभर होता, त्याच्याखाली माणूस मावत नाही, हेही तिला दिसत होतं. तिनं काठी धरून वर ओढली. खालून कुणी हिसका दिला नाही, झोंबाझोंबी केली नाही. नुसती धरून ठेवली.

“ओढू नका मॅडम,” चांदपाशा मागून म्हणाला. “तो सोडायचा नाय. मी आसतो तर मी बी सोडली नसती.”

तिनं मागं वळून पाहिलं. तो काठीकडं बघत नव्हता, तिच्याकडंही नाही. उजवा दंड डाव्या हातानं चोळत उभा होता.

“तुमी रीडिंग घेते म्हनल्या त्याला,” तो म्हणाला. “‘झालं’ म्हनल्याच नाय. तुमचं ‘झालं’ आल्याबिगर कधी उचलली का काठी मी? बारा सालात?”

“मला सुचलंच नाही हो...” ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं. काल दिवसभर आलं नव्हतं ते आता आलं. “मीच पाठवलं त्याला आत.”

“कालधरनं हुबा हाय बिचारा. म्हना आता.”

“म्हटलं तर त्याचं काय होईल?”

“क्या मालूम.” चांदपाशानं मान खाली घातली. “पर हात दुखायलाय त्याचा.”

ऊन चढलं होतं. लांबच्या मोटरचा आवाज येत होता, होले घुमत होते. दीपमालानं डोळे पुसले, काठी दोन्ही हातांनी धरली आणि बांधाकडं वाकली. रोज फोनवर म्हणायची तसंच म्हणायचं तिनं ठरवलं.

“झालं, चांदपाशाभाई.”

बुडबुडा वर्तुळाबाहेर गेला, आणि काठीचा सगळा भार तिच्या हातात आला.